ठकीच्या पोटावरचा हात

पट्टी चिकटेना. दोनदा लावली, दोनदा सुटून आली. तिसऱ्यांदा लावण्याआधी मी पोरीच्या पोटावरून बोट फिरवून पाहिलं. बोट तेलकट झालं.

शिवन्या निखिल गावडे, वय पाच. चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि ओठ कोरडे. तपासणीच्या टेबलावर ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिचा बाप निखिल काजूच्या कारखान्यात कामाला. बायको दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली, तेव्हापासून पोरीचं सगळं तोच करतो. वेणी घालायला तो यूट्यूबवर शिकला, हे सगळ्या मळेवाडीला ठाऊक आहे.

"शुक्रवारी सायकलवरनं पडली मॅडम. दांडा पोटात बसला. दोन दिस खेळत हुती, काल धरनं दुखाय लागलं."

मी बोट नाकाशी नेलं. करंजेल, त्यात जाळलेला ओवा आणि लसूण. या वासात मी लहानाची मोठी झाले. असं तेल गावात एकच बाई करते, आणि ती माझ्या घरात राहते.

मी स्पिरिटचा बोळा घेऊन पोरीचं पोट पुसून काढलं. पट्टी चिकटली.

टॅबलेटवर नेहमीचे प्रश्न आले. मुलाचं वय, वजन, कधी पडलं, कसं पडलं. आठवा प्रश्न होता: 'तपासणीपूर्वी पोटाला तेल, लेप किंवा मालिश?' मी निखिलकडे पाहिलं.

"घरी कुणी चोळलं का हिला?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"न्हाई मॅडम. कुणी हात बी न्हाई लावला."

मी 'नाही'वर बोट दाबलं. विचार न करता दाबलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. मी चांगला विचार करून दाबलं.

माझं नाव सारिका देसाई. मळेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात मी चौदा वर्षं क्ष-किरण तंत्रज्ञ होते. सोनोग्राफीच्या डॉक्टर महिन्यातून दोनदा यायच्या. त्यांच्या शेजारी उभं राहून मी पडदा वाचायला शिकले. मला ते चित्र आवडायचं. परक्याला ते नुसतं काळंपांढरं धुकं वाटतं, पण डोळा तयार झाला की त्यात यकृत दिसतं, मूत्रपिंड दिसतं, धडधडणारी शीर दिसते. मग दोन हजार छत्तीस साली पट्टी आली आणि माझ्या डोळ्यांचं काम संपलं.

पट्टी म्हणजे तळहाताएवढा लवचीक रबरी तुकडा. त्यात चार हजार बारीक स्फटिक बसवलेले असतात. ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतात आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपतात. इथवर ती जुनी सोनोग्राफीच. पण लहान मुलांच्या बाबतीत जुनी सोनोग्राफी अर्धवट भरवशाची होती. मोठ्या माणसाला पोटात मार लागला की रक्त बाहेर येऊन साठतं आणि पडद्यावर काळं दिसतं. मुलांची पानथरी, म्हणजे प्लीहा, पुष्कळदा आतल्या आत फाटते. रक्त बाहेर येत नाही, आणि पडद्यावर पोट अगदी साजरं दिसतं. उलट एखाद्या धडधाकट पोराच्या पोटातही चमचाभर पाणी सापडतं आणि सगळ्यांची धावपळ होते. मग खात्रीसाठी सीटी स्कॅन, आणि त्यात कोवळ्या शरीरावर किरणांचा मारा.

पट्टीने हा घोळ मिटवला. ती वीस मिनिटं पोटावर राहते, आवाजानेच आतल्या भागाला हलका धक्का देते आणि तो धक्का किती वेगाने पसरतो ते मोजते. दुखावलेली जागा कडक होते, तिथे धक्का पळत जातो. ताजं रक्त पातळ, गोठलेलं घट्ट, आणि जसजसे तास जातात तसतसा हा घट्टपणा ठरलेल्या चालीने बदलतो. त्यामुळे पट्टीला नुसती इजा नाही, इजेचं वयही कळतं. शिवाय दाब कशाचा पडला त्याचा ठसा कळतो. दगड, सायकलचा दांडा, गाईचं शिंग, माणसाचा हात.

फक्त ती चित्र दाखवत नाही. गर्भातली मुलगी ओळखून तिला मारलं जाऊ नये म्हणून आपल्याकडे सोनोग्राफीवर कडक कायदा आहे. खिशात मावणारं यंत्र गावोगाव द्यायचं तर त्याला पडदाच नको, असं ठरलं. म्हणून पट्टी सगळं पाहते आणि आपल्याला चार ओळी सांगते. आठ वर्षांपुढच्या माणसाला लावली तर ती चालतच नाही. मला हा कायदा मान्य आहे. पण चौदा वर्षं पडदा वाचलेल्या बाईला चार ओळींवर बसवलं, त्याचं दुःख आहे ते आहे.

वीस मिनिटांनी चार ओळी आल्या.

'प्लीहेला इजा, आवरण शाबूत. ६० ते ६८ तास. ठसा: नळी.'

'आतड्याच्या पडद्याला मुका मार. २२ ते २६ तास. ठसा: मानवी हात.'

'तातडीने जिल्हा रुग्णालयात हलवा.'

'दोन वेगळ्या वेळच्या इजा, पालकाच्या सांगण्याशी विसंगत. बालसंरक्षण कक्षाला कळवले आहे.'

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. 'कळवू का?' असं यंत्र विचारत नाही. कुणी दडपू नये म्हणून ते आपोआप कळवतं. हेही बरोबरच आहे. पट्टी आल्यापासून आमच्याच तालुक्यात तीन मुलं घरच्या माराखालून बाहेर काढली गेली.

रुग्णवाहिका आली. निखिल पोरीला उचलून आत चढायला लागला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्याला थांबवलं. पोरीबरोबर नर्स जाईल, बापाने मागाहून यायचं. कक्षाचा फोन येऊन गेला होता.

"का पण?" तो म्हणाला. "तिला गाडी लागती. मी धरतो तिला."

माझ्या हातात तेलाचा बोळा होता. तो मी पिवळ्या पिशवीत टाकला.

*

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली, आणि मी नऊ वर्षांची असताना आईवडील एका अपघातात गेले तेव्हा तिने मला पदराखाली घेतलं. पुढे माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत मी परत आले, तेव्हाही तिने 'का' म्हणून विचारलं नाही, चुलीवरचं पाणी काढून दिलं. शहात्तर वर्षांची आहे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे, काजू फोडायच्या मशीनमध्ये गेलं. पण पोट चोळावं तर हौसाआजीने, असं आसपासच्या पाच गावांत म्हणतात. पोर रडतंय, जेवत नाही, बेंबट सरकलं, म्हणजे बेंबी जागेवरून हलली असं वाटलं, की आणा हौसाआजीकडे.

मी दवाखान्यातली. तिथे भिंतीवर माझ्याच अक्षरात फलक आहे: 'मुलांचे दुखणारे पोट चोळू नका.' म्हणून मी घरी नसतानाच लोक यायचे. मी आले की घरात तेलाचा वास असायचा. मी उदबत्ती लावायचे. आत्या बोलायची नाही, मी विचारायचे नाही. आणि गावानेही हे पाळलं होतं. दवाखान्यात येऊन 'हौसाआजीकडे नेलं होतं' असं आजवर कुणी म्हणालं नाही. मॅडमची मान खाली जायला नको, म्हणून. आम्हा सगळ्यांना तो मोठा चांगुलपणा वाटायचा.

त्या सोमवारी मी घरी आले तेव्हा ती अंगणात काजूची बोंडं निवडत होती.

"गावड्याची पोर आलती का गं दवाखान्यात?"

"आली होती. जिल्ह्याला पाठवली."

"जगंल न्हवं?"

"जगेल. ऑपरेशनसुद्धा लागणार नाही. पडून राहिली की पानथरी भरून येते मुलांची."

तिने पदराला हात पुसले आणि पुन्हा बोंडं निवडायला घेतली. आमच्या घरात प्रश्न असेच संपतात.

*

शिवन्या खरंच बरी होत गेली. पण बातम्या दुसऱ्याच येत होत्या. मुलीला भेटायला बापाला बंदी. सातव्या दिवशी तिला रुग्णालयातून बालगृहात हलवलं. बाराव्या दिवशी समितीपुढे सुनावणी, आणि समाधान झालं नाही तर मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिकडेच.

निखिल रोज सकाळी येऊन दवाखान्याच्या बाकावर बसायचा. इथे येऊन काही होणार नव्हतं, पण पोर शेवटची जिथे त्याच्या हातात होती ती ही जागा. कारखान्यात त्याला कामावरून घरी बसवलं होतं. बायका त्याच्याकडे बघून पदर सावरायच्या. पोरीला मारणारा बाप.

नवव्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"निखिल, तू खरं का सांगत नाहीस?"

"काय खरं?"

"आयतवारी तू तिला कुठं नेलंस."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "ताई, मी सा वर्साचा असताना मला धनुर्वातानं आकडी आलती. तीन दिस हौसाआजी माझ्याजवळ बसली हुती, आई माझी बाळंतीण हुती म्हणून. तिचं नाव मी पोलिसास्नी सांगू? या वयात तिला गाडीत घालून नेत्याल. आणि तुमची नोकरी?"

"आणि शिवू?"

"मी मारलंच न्हाई तर शाबीत कसं हुईल?" तो म्हणाला. त्याला खरंच असं वाटत होतं.

मला त्याचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. हा माणूस माझी लाज राखायला आपली पोर गमावत होता, आणि मी नऊ दिवस त्याला बाकावर बसलेला बघून चहाला जात होते. का, तर माझ्या घरात एकच माणूस आहे. ते गेलं की मला संध्याकाळी 'आलीस?' म्हणणारं कुणी नाही. इतकं साधं कारण होतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेले.

"आत्या, शिवूच्या पोटाला तू हात लावलास?"

"लावला." ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"काय केलंस नेमकं?"

"बेंबट सरकलं म्हणून आणली त्यानं. बेंबीभवती चोळलं. मग डाव्या कुशीला हात गेला तर पोरीनं श्वास धरला. रडली न्हाई, नुसता श्वास धरला. परत दाबून बघितलं, परत धरला. म्हणलं निख्या, हे माझ्या हातातलं न्हवं. पानथरीला लागलंय हिच्या. सकाळी आमची सारी असती दवाखान्यात, तिच्याकडं ने."

मी खाली बसले. चार हजार स्फटिकांना वीस मिनिटं लागली ते हिच्या साडेतीन बोटांना दोन दाबांत कळलं होतं. आणि त्याच दोन दाबांनी आतल्या पडद्याला मुका मार बसला होता. दोन्ही खरं होतं.

"मी बाजारातून आल्यावर त्याच दिवशी मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारत न्हाईस, मी सांगत न्हाई. असंच चाललंय की आपलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. मशीनला हाताचा ठसा सापडला तो, तेलाचा प्रश्न, माझं 'नाही', निखिलचा बाक, बालगृह. सूप थांबलं.

"म्हंजे माझा हात सापडला म्हणून त्याचा हात धरला?"

"हो."

"किती दिस झालं?"

"नऊ."

"नऊ दिस," आत्या म्हणाली, "तू माझ्या हातचं जेवलीस."

ती उठली, हात धुतले, आणि ट्रंकेतलं चांगलं लुगडं काढलं. मी म्हटलं, आत्या, सुनावणी तीन दिवसांनी आहे. ती म्हणाली, मग तीन दिस हितंच काढून ठेवते.

*

समितीला नुसता शब्द पुरणार नव्हता. गावातली म्हातारी शेजारच्या पोराला वाचवायला काहीही सांगेल, असं कुणीही म्हटलं असतं. म्हणून मी ठकीला बरोबर घेतलं.

ठकी म्हणजे आमची प्रशिक्षणाची रबरी बाहुली, पाच वर्षांच्या मुलाएवढी. नाव नर्सबायकांनी ठेवलेलं. तिच्या पोटात एक जेल भरलेली असते. पोट दाबलं की आत ठसा उमटतो, आणि माणसाच्या रक्तासारखी ती जेल तासागणिक घट्ट होत जाते. नव्या नर्सेसनी पट्टी लावून ठसा ओळखायचा, वेळ ओळखायची. पुन्हा कोरी करायची तर तासभर गरम पाण्यात बुडवायची.

एसटीत आत्याने ठकीला मांडीवर घेतलं, कारण पिशवीत कोंबलेली तिला बघवेना.

समितीच्या खोलीत एक मोठं टेबल, तीन खुर्च्या. अध्यक्षबाई साठीच्या होत्या, आवाज मऊ. निखिल एका कोपऱ्यात उभा होता. मी आधी माझं सांगितलं. तेल होतं. मी पुसलं. आणि 'नाही' लिहिलं.

"का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ही माझी आत्या आहे."

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मग ठकीला टेबलावर निजवलं. आत्याने कमरेची बाटली काढून तळहातावर तेल घेतलं.

"तेल कशाला आजी? बाहुली आहे."

"कोरड्या हातानं पोरीच्या पोटाला हात लावत न्हाईत, बाई." आणि माझ्याकडे वळून, "हिचं नाव काय म्हणलीस?"

"ठकी."

"पाय सोड बघू ठके," आत्या म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

तिचे हात बेंबीभोवती फिरले, मग डाव्या कुशीकडे गेले. तिथे थांबले, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. शिवूच्या वेळी जसं केलं होतं तसंच, हाताच्या आठवणीने. मी तेल पुसून पट्टी लावली आणि शिवूच्या पोटावरच्या ठशाशी जुळवायला सांगितलं. वीस मिनिटं आम्ही सगळे एका रबरी बाहुलीकडे बघत बसलो.

'उजवा हात. मधले बोट आखूड. मूळ ठशाशी जुळणी ९७ टक्के.'

अध्यक्षबाईंनी निखिलला हात दाखवायला सांगितले. त्याने दोन्ही हात पुढे केले. काजूच्या चिकाने काळे पडलेले, दहाची दहा बोटं धड.

मी म्हटलं, "मॅडम, इजा आधी हिनेच ओळखली होती. दवाखान्यात न्यायला हिनेच सांगितलं. तेही लिहा."

"लिहिते," त्या म्हणाल्या. "पण पट्टीच्या अहवालात त्याला रकाना नाही." मग आत्याकडे वळून, "आजी, गुन्हा वगैरे काही नाही. पण त्या दिवशी पानथरी फुटली असती तर पोर तुमच्या हाताखाली गेली असती."

"खरं हाय," आत्या म्हणाली.

यापुढे कुठल्याही मुलाच्या पोटाला हात लावणार नाही, असं लिहून घेतलं. आत्याने सही केली. हौसाबाई, एकेक अक्षर दाबून.

शिवूला बाहेर आणलं. अंगात बालगृहाचा निळा झगा, केस कापलेले. ती बापाकडे धावली नाही. चार पावलांवर उभी राहिली.

"पप्पा, तुमी मला मारलंवतं का?"

निखिल पायरीवर बसला. "न्हाई गं शिवू."

"मग त्या मावशी रोज का इचारत हुत्या?"

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, त्याच्या मांडीवर नाही. त्याने तिचा झग्याचा कोपरा धरून ठेवला होता. उतरताना तो माझ्याजवळ थांबला. "त्याच दिवशी सांगितलं असतंत तर, मॅडम," एवढंच म्हणाला. बाकावर ताई म्हणाला होता, ते त्याने तिथेच सोडलं.

*

मला मेमो मिळाला, दोन वेतनवाढी थांबल्या. त्याचं काही नाही. गावाने मात्र वेगळाच हिशेब केला. निखिल निर्दोष ठरला याचा आनंद चार दिवस टिकला. मग बोलणं उरलं ते एवढंच, की सख्ख्या आत्याला समितीपुढे उभं केलं. पूर्वी लोक माझ्यासाठी गप्प राहायचे, आता मला बघून गप्प व्हायला लागले.

मुलांना मात्र आता सगळे सरळ दवाखान्यात आणतात. पावसाळ्यात एका पोराची पानथरी पट्टीने वेळेत पकडली. मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही. घरी येऊन कुणाला सांगावा असं मात्र वाटेना.

घरात वास राहिला नाही. आत्याने तेलाची बाटली मला दिली, दिव्यात घाल म्हणाली. ती उंबऱ्याशी बसायची, हात मांडीवर उपडे ठेवून. पूर्वी मी घरी नसताना दाराशी दोन-तीन चपलांचे जोड असायचे. स्वयंपाक करायची, वाढायची. पण भाकरी ताटात टाकताना तिचा हात माझ्या हाताला लागला तर झटकन मागे घ्यायची. मला आधी वाटलं, रागावली आहे.

मला लहानपणापासून पोटात गोळा यायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी, सासरी जाताना, सासरहून आल्यावर. प्रत्येक वेळी आत्या चोळायची आणि अर्ध्या तासात मी झोपून जायचे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तसाच गोळा आला. मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि पदर बाजूला केला.

"आत्या, चोळ ना जरा."

तिने हात पुढे केला. माझ्या पोटापासून वीतभर वर तो थांबला.

"न्हाई गं पोरी," ती म्हणाली. "भ्या वाटतंय. आत काय हाय ते मला दिसत न्हाई."

"कधी दिसत होतं तुला?"

"तवा ठाव न्हवतं, की दिसत न्हाई."

तिने हात मागे घेतला. मी पदर ओढला आणि ओव्याचा अर्क पाण्यातून घेतला.

*

माघात पत्र आलं. नव्या नर्सेसची तुकडी सोमवारी येणार, बाहुली स्वच्छ करून तयार ठेवावी. मी कपाट उघडलं. सुनावणीनंतर ठकीला मी तशीच आत ठेवली होती. गरम पाण्याची टाकी लावली, तिचा झगा काढला. पोटावर अजून तेलाचा पुसट डाग होता.

टाकीत सोडायच्या आधी मी पट्टी लावली. का लावली ते मला सांगता येईल, पण सांगून काय करायचं आहे. वीस मिनिटं मी स्टुलावर बसून राहिले.

'ठसा: मानवी हात, उजवा. मधले बोट आखूड.'

मग वेळेच्या जागी तास आले नाहीत. पाचशे तासांपुढे पट्टी मोजत नाही, एकच ठरलेलं वाक्य देते.

'जुनी इजा. उपचाराची गरज नाही.'

मी पाणी सोडून दिलं. साहित्याच्या रजिस्टरात लिहिलं: 'बाहुली नादुरुस्त. नवीन पाठवावी.' सरकारी कागदावर मी दुसऱ्यांदा खोटं लिहिलं, आणि या खेपेला हात अजिबात अडखळला नाही. ठकीला झगा घातला, खांद्यावर टाकली आणि भर बाजारातून घरी नेली. लोकांनी पाहिलं. बघू देत.

आत्या उंबऱ्यावरच होती. मी ठकीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"ही कशाला आणलीस?"

"हिला काही होत नाही आत्या. आत नुसती जेल आहे. किती पण दाब."

मी आत जाऊन कपडे बदलले, चहा टाकला, प्यायले, ती उठली नाही. दिवेलागणीला तिच्या पावलांचा आवाज आला. चुलीपाशी भांडं वाजलं. थोड्या वेळाने करंजेल तापल्याचा, त्यात ओवा पडल्याचा वास घरभर झाला. मी दारातून डोकावले. तिने ठकीला पाटावर निजवलं होतं, झगा वर केला होता, आणि दोन्ही हातांनी तिचं पोट चोळत होती. सावकाश, बेंबीभोवती, तोंडाने काहीतरी पुटपुटत. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

मी माझ्या खोलीत येऊन पडले. भिंतीपलीकडून आत्याचा आवाज येत होता. पाय सोड बाई, श्वास धरू नगंस, झालं, झालं आता. माझ्या पोटात सकाळपासून गोळा आला होता. मी गुडघे पोटाशी घेतले आणि ऐकत राहिले. हाक मारली नाही.